त्रिशंकूचे सुतक

गेलेल्यांचे ऋण आणि राहिलेल्यांचे सुख ही दोन्ही एकाच गृहस्थाच्या ओंजळीत येतात, तेव्हा त्याने आधी कोणते सांभाळावे, या प्रश्नाचा विचार शास्त्रकारांनी पुष्कळ केलेला आहे. त्यांनी शोकाला दिवस नेमून दिले आणि आनंदाला मुहूर्त नेमून दिले, म्हणजे एकाने दुसऱ्याच्या अंगणात शिरू नये. ही व्यवस्था सहसा बिघडत नाही. ती बिघडते एखादा सज्जन मनुष्य शोकाला आरंभच तीन हजार वर्षे उशिरा करतो तेव्हा. अशा मनुष्याला दोष देणे कठीण असते, कारण त्याची पितृभक्ती तुमच्याआमच्यापेक्षा अधिकच असते. परंतु त्याच्या घरात एक मुलगी हळदीची वाट पाहत असते, आणि तिचा तर काहीच अपराध नसतो.

श्यामकांत धैर्यवान आमच्या बोरिवलीच्या सोसायटीत तळमजल्यावर राहत. मी त्यांच्या वरच्या मजल्यावर. शाळेत संस्कृत शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि बाभईच्या परिसरातील मंडळी मला गुरुजी म्हणत; मुहूर्त, श्राद्धतिथी, सोयरसुतक असे काही अडले की जिना चढून येत. धैर्यवान मात्र पुराणकथा घेऊन येत. ते एका विमा कंपनीत मृत्युदाव्यांच्या विभागात होते. कागदावरचा माणूस आणि मेलेला माणूस एकच आहे की नाही, हे ठरवण्यात त्यांची सारी नोकरी गेली होती. त्यांची पद्धत ठरलेली होती. ते म्हणत, नाव बदलते, चेहरा बदलतो, नातेवाईक तर रोज बदलतात. पण तीन खुणा जुळल्या की माणूस तोच, आणि मग दावा अडवून ठेवणे हे पाप.

निवृत्तीनंतर ही पद्धत त्यांनी पुराणांना लावली. त्यांचे घराणे स्वतःला सूर्यवंशी म्हणवणाऱ्या जुन्या मुंबईकरांपैकी. फोर्टच्या फुटपाथवर त्यांना मिसर देशातील उत्खननांवर एक जाडजूड सचित्र ग्रंथ मिळाला. त्यात एका राजाच्या जतन केलेल्या प्रेताचे पानभर छायाचित्र होते आणि खाली छापले होते की या देहाची ओळख अद्याप पटलेली नाही. ज्याने जन्मभर देहांच्याच ओळखी पटवल्या, त्याच्या डोळ्यांसमोर ही ओळ यायला नको होती. त्यांचे जेवणात लक्ष राहिले नाही. पावसाळा गेला, थंडी आली, आणि संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी ते माझ्याकडे येऊन शांतपणे म्हणाले की तो राजा म्हणजे आपला त्रिशंकू.

ज्यांना कथा ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. सूर्यवंशातील या राजाला याच देहाने स्वर्गात जायचे होते. कुलगुरूंनी नकार दिला. शापाने त्याचा देह काळा पडला आणि केस झडून गेले. तेव्हा विश्वामित्र ऋषींनी आपल्या तपाच्या बळावर त्याला वर धाडले. देवांनी त्याला खाली ढकलले, ऋषींनी मध्येच थांब म्हटले, आणि राजा खाली डोके वर पाय असा आकाशात लटकत राहिला. संतापलेल्या ऋषींनी मग त्याच्यासाठी दक्षिणेकडे एक वेगळी सृष्टीच निर्माण करायला घेतली.

धैर्यवानांच्या तीन खुणा अशा. याच देहाने स्वर्गात जाण्याचा एवढा अट्टाहास मिसरच्या राजांखेरीज कोणी केला? छायाचित्रातला देह काळा आहे आणि डोक्यावर केस जवळजवळ नाहीत. आणि तिसरी खूण म्हणजे तो देशच विश्वामित्रांची वेगळी सृष्टी आहे. तेथील देवांना कोल्ह्यांची आणि ससाण्यांची डोकी आहेत. तेथील नदी नकाशात खालून वर वाहते. ते म्हणाले की हे सगळे रागाच्या भरात आणि घाईत केलेले काम आहे, हे कोणाच्याही लक्षात येईल. तीन मोठे पिरॅमिड म्हणजेच तीन शंकू, हा पुरावा त्यांनी जोडपत्रात ठेवला होता. मी नम्रपणे सांगितले की परंपरेने त्या नावाचा संबंध राजाच्या तीन अपराधांशी जोडला आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले की तीन अपराध करणाऱ्याला इमारतीही तीन लागणारच.

मी वाद घातला नाही. पुराणावर ज्याचे इतके प्रेम आहे त्याच्याशी इतिहासावरून भांडावे, असे मला कधी वाटले नाही. आणि त्या राजाला आपले म्हणणारे कोणीतरी मिळाले, यात त्या राजाचेही काही बिघडत नव्हते.

इकडे धैर्यवानांची कन्या पद्मजा हिचे लग्न ठरले. ती अंधेरीला एका बँकेत कामाला होती. शीतगृहांच्या यंत्रांचा अभियंता असलेल्या नंदकिशोर अजिंक्य या मुलाशी तिने आपण होऊन जमवले होते, आणि दोन्ही घरे एकाच ज्ञातीतली असल्याने कोणी आडवे आले नव्हते. नंदकिशोरला मस्कतची नोकरी लागली होती. जूनच्या आरंभी त्याला तेथे हजर व्हायचे होते आणि एकदा गेला की दोन वर्षे सुटी नव्हती. मे महिन्यातला मुहूर्त धरला होता. तो चुकला तर दोन वर्षे थांबणे आले. आणि मुलाच्या आई मृणालिनीबाई यांच्या मनात खारची एक मुलगी आधीपासून होती, हे पद्मजेला चांगले ठाऊक होते. दोन वर्षांत मस्कतच्या वाळूवर काय काय पुसले जाते, असे त्या बाई सहज बोलल्यासारखे बोलून गेल्या होत्या.

हळद कुटण्याच्या मुहूर्ताला कुंदाताईंनी, म्हणजे धैर्यवानांच्या पत्नीने, सोसायटीतल्या सवाष्णी बोलावल्या. उखळ सजवले होते, मुसळाला आंब्याची पाने बांधली होती. पहिला घाव पडणार इतक्यात धैर्यवान स्नानगृहातून ओल्या पंचाने बाहेर आले आणि उंबऱ्यावर उभे राहून म्हणाले, "थांबा. घरात सुतक आहे."

कुंदाताईंना वाटले, गिरगावहून कोणाची तार आली. त्यांनी विचारले कोण गेले.

"आपले मूळपुरुष," ते म्हणाले. "गेले पुष्कळ आधी. पण दहन अजून झालेलं नाही. काल रात्री लक्षात आलं."

तिसऱ्या मजल्यावरच्या विमलाबाईंनी मुसळ खाली ठेवले आणि मयत बोरिवलीतच आहे का, असे काळजीने विचारले. कैरोला काचेच्या पेटीत आहे असे कळल्यावर त्या म्हणाल्या की या उन्हात इथवर आणणार कसे. मग सगळ्या सवाष्णी पदर सावरून, हळदीला हात न लावता, एकेक करून निघून गेल्या. सुतकाच्या घरात कुंकवाला बोट लावायचे नसते. मयत किती जुने आहे हा प्रश्न त्यानंतरचा.

तासाभराने मायलेकी माझ्याकडे आल्या. कुंदाताईंच्या डोळ्यांना पाणी होते. पद्मजा रडत नव्हती. बँकेत एखादा अवघड ग्राहक समोर आल्यावर बसावे तशी बसली होती.

"गुरुजी, तुम्ही बाबांना चूक आहे असं अजिबात म्हणू नका," ती म्हणाली. "चूक म्हटलं की ते आणखी एक फाईल उघडतात. सुतक आहे तर आहे. ते संपतं कसं, तेवढं सांगा."

मला ही भूमिका शहाणपणाची वाटली. मी खाली गेलो. धैर्यवान दर्भाच्या आसनावर बसले होते. समोर तो ग्रंथ उघडा होता आणि राजाच्या छायाचित्रापाशी तेलाचा दिवा लावला होता. मी सांगितले की दूरदेशीच्या नातलगाच्या मरणाची वार्ता वर्षानंतर कळली तर केवळ स्नानाने शुद्धी होते. त्यांनी मान डोलावली आणि म्हणाले की तो नियम सामान्य माणसासाठी. ज्याने घरात अग्निहोत्र ठेवले, त्याचे सुतक मरणापासून धरत नाहीत, दहनापासून धरतात. एवढे यज्ञ करणारा राजा अग्निहोत्री नव्हता असे तुम्ही म्हणता का? मी तसे म्हणू शकत नव्हतो. मग मी म्हणालो की सपिंडता, म्हणजे सुतक लागण्याचे नाते, सातव्या पिढीत सरते. हा राजा तर कितीतरी पिढ्या पलीकडचा. यावर ते किंचित हसले. म्हणाले, ज्याचे दहन नाही त्याचे श्राद्ध नाही, ज्याचे श्राद्ध नाही तो पितरांत मिसळला नाही, आणि जो पितरांत मिसळला नाही त्याच्यापासून पिढ्या मोजायला आरंभ तरी कोठून करायचा? त्यांच्या मते त्या राजानंतरची सगळी वंशावळ खुंटी नसलेल्या दोरीसारखी हवेत होती. आपण सारेच लटकलेले आहोत, असे म्हणून त्यांनी दिव्यात तेल घातले.

मी घरी येऊन पोथ्या उघडल्या. पाया सोडला तर त्या युक्तिवादात मला कोठेही फट सापडली नाही. हे मी कौतुकाने सांगत आहे.

तोड मात्र सापडली. ज्याचा देह हाती लागत नाही त्याच्यासाठी शास्त्राने पळसाच्या पानांच्या देठांची प्रतिमा करून तिचे दहन करायला सांगितले आहे. वर्षात जितके दिवस तितके देठ, कोणते कोठे लावायचे तेही सांगितलेले. त्यानंतर दूरच्या वंशजांना तीन दिवस पाळले की पुरे. तीन दिवसांनंतरही मुहूर्ताला अवकाश उरत होता. धैर्यवानांना ही व्यवस्था पटली. कुंदाताईंनी त्या दिवशी दुपारी पहिल्यांदा पोटभर खाल्ले. पद्मजेने नंदकिशोरला फोन करण्यासाठी कोपऱ्यावरच्या दुकानात धाव घेतली आणि येताना मला सांगून गेली की तो नुसता हसला, आणि त्याचे असे हसणे तिला आवडते.

मांडवाचे काम दत्ताराम नावाच्या मालवणच्या गृहस्थाकडे होते. देठांचे कामही त्याच्याकडेच आले, कारण पत्रावळींसाठी तो नॅशनल पार्कच्या कडेच्या पाड्यांवरून पळसाची पाने आणवत असे. पाने पंक्तीसाठी आणि देठ प्रेतासाठी, अशी विभागणी त्याने विनातक्रार केली. बांबू घेऊन हातगाडी आवारात लागली तेव्हा मात्र तो माझ्याकडे वर आला.

"गुरुजी, बांबू हाडलंय," तो म्हणाला. "पण ते मांडवाचे की तिरडेचे, ता आधी सांगा. दोघांची गाठ वेगळी मारूची लागता."

मी सांगितले की आधी तिरडी, मग मांडव. त्याने आणखी काही विचारले नाही. मुंबईत इतकी वर्षे मांडव घालणाऱ्याला याहून चमत्कारिक क्रम पाहावे लागले असतील.

प्रतिमा सुंदर झाली. धैर्यवानांनी स्वतः देठ लावले. डोक्याच्या जागी नारळ ठेवला, आणि नारळ ही विश्वामित्रांचीच निर्मिती मानतात म्हणून त्यांना फार समाधान वाटले. गोराईच्या खाडीकडे नेऊन दहन करायचे ठरले होते. सकाळची वेळ होती. प्रतिमा आवारात तिरडीवर ठेवली होती, धैर्यवान मडके हातात घेऊन उभे होते, शेजारच्या इमारतीतले लोक गॅलऱ्यांत जमले होते, आणि मी संकल्प सांगणार तोच फाटकाशी टॅक्सी थांबली.

टॅक्सीतून नंदकिशोरचे वडील भाऊ अजिंक्य उतरले. मी त्यांना ओळखले नाही, कारण त्यांनी मिशी काढली होती. साखरपुड्यात त्या मिशीकडे पाहून लहान मुले रडली होती, इतकी ती भारदस्त होती. आता त्यांचे सगळे मुखमंडल उघडे आणि केविलवाणे दिसत होते. अंगावर पंचा होता, आणि त्यांच्याही हातात मडके होते. मागोमाग मृणालिनीबाई उतरल्या.

आम्हाला वाटले होते, भाऊ हा प्रकार ऐकून लग्न मोडायला येतील. ते त्याहून कठीण गोष्टीसाठी आले होते. नंदकिशोरने गंमत म्हणून घरी हकीकत सांगितली होती, आणि भाऊंनी ती रात्रभर मनात घोळवली होती. अजिंक्य घराणेही सूर्यवंशी. मग तो मूळपुरुष एकट्या धैर्यवानांचा कसा?

"अग्नी मी देणार," भाऊ म्हणाले. "वंशाची थोरली पाती आमची आहे."

"पुरावा?" धैर्यवानांनी विचारले. हा शब्द त्यांच्या तोंडून श्वासासारखा बाहेर पडत असे.

"पुरावा तुम्ही हुडकत बसा. आमच्याकडे घरात ठाऊक असतं. आपले पूर्वज मुंबईत आले तेव्हा माहिमला आधी कोण उतरलं? आम्ही. तुम्ही मागच्या होडीत होता."

"तीन हजार वर्षं तुम्हाला आठवण झाली नाही त्यांची. मी हुडकून काढलं."

"हुडकलं म्हणजे वारस होत नाही, धैर्यवान. पोलिसही हुडकतात."

गॅलरीत कोणीतरी हसले. धैर्यवानांचा चेहरा लाल झाला. त्यांनी मडके खांद्यावर घेतले, भाऊंनीही घेतले. दोघेही प्रतिमेच्या डोक्याशी उभे राहायला पाहत होते, आणि तेथे जागा एकाचीच होती. नारळ एकदा इकडे सरकला, एकदा तिकडे. भाऊंनी सांगून टाकले की अग्नी आपण दिला नाही तर नंदकिशोर बोहल्यावर चढणार नाही. धैर्यवान म्हणाले की ज्याने राजाला ओळखले त्याच्या हातून हा अधिकार काढून घेणाऱ्या घरात आपण मुलगी देणार नाही. दोघेही हे अत्यंत दुःखाने बोलत होते. दोघांच्याही मनात लग्न मोडायचे नव्हते. पण मृताचा मान राखताना मागे हटणे ही दोघांच्याही दृष्टीने नीच गोष्ट होती, आणि असा प्रसंग येतो तेव्हा सज्जन माणसे दुर्जनांपेक्षा अवघड होऊन बसतात.

मी थोरल्या-धाकट्या पातीचा निर्णय काय द्यावा याचा विचार करत होतो. दोघांनी मिळून मडके धरावे असे सुचवावे, असे माझ्या मनात आले. इतक्यात मृणालिनीबाई पुढे झाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही.

"दोघंही एकाच मयताला खांदा देणार," त्या म्हणाल्या, "आणि दोघांनाही त्याचंच सुतक. मग ही दोन मुलं एकमेकांची कोण झाली? भाऊबहीण. गुरुजी, मी चुकत असेन तर सांगा."

त्या चुकत नव्हत्या. सुतक आहे तर नाते आहे, आणि नाते आहे तर विवाह नाही. अग्नी कोणीही दिला तरी पहिली ठिणगी त्या लग्नावरच पडणार होती. दोन्ही बापांच्या खांद्यावरची मडकी हळूच खाली आली. कुंदाताई पायरीवर बसल्या. मृणालिनीबाईंच्या मुद्रेवर मला आनंद दिसला नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण खारच्या दिशेने त्यांचे मन एक पाऊल चालून गेले असावे.

पद्मजा घरातून बाहेर आली. सुट्टी टाकलेली होती, अंगावर घरातली साधी साडी होती. तिने प्रतिमेला वळसा घातला आणि ती वडिलांसमोर उभी राहिली.

"बाबा, मला एक सांगा. ते गेले कधी?"

"सांगितलं ना. तीन हजार वर्षं तरी…"

"वर्षं नको. गोष्टीत कुठे गेले ते सांगा. देवांनी ढकललं, ऋषींनी थांबवलं, उलटे लटकले. मग पुढे?"

धैर्यवानांनी माझ्याकडे पाहिले. भाऊंनीही पाहिले. गॅलऱ्यांतूनही सगळे माझ्याकडे पाहू लागले, आणि मी मनातल्या मनात जेवढी पुराणे माझ्या वाट्याला आली होती तेवढी आरंभापासून शेवटापर्यंत धुंडाळली. राजा लटकला आहे, असे सर्वत्र होते. त्याच्याभोवती नक्षत्रे फिरतात, असे होते. तो मेला असे कोठेही नव्हते. दक्षिणेच्या आकाशात आजही लोक त्याला बोटाने दाखवतात.

मी तसे सांगितले. मग माझे कर्तव्य म्हणून पुढचेही सांगितले: जो जिवंत आहे त्याची प्रतिमा करून जाळली, तर शास्त्राप्रमाणे त्याला पुन्हा जन्माला आल्यासारखे मानावे लागते; तुपाने न्हाऊ घालून जातकर्म, बारसे, मुंज असे सगळे संस्कार नव्याने करावे लागतात.

भाऊंनी आकाशाकडे पाहिले. "पाळण्यात कोण घालणार?" असे ते स्वतःशीच पुटपुटले, आणि त्यांचा हात मिशीच्या जागी जाऊन रिकामा परत आला.

धैर्यवान मात्र खचले होते. ते तिरडीच्या कडेला टेकले. "मग तो कोण?" त्यांनी विचारले. "कैरोतला. त्याच्या तिन्ही खुणा जुळल्या होत्या. म्हणजे माझा दावा खोटा?"

पद्मजा त्यांच्याजवळ खाली बसली. लग्न वाचवण्यासाठी आलेली ती मुलगी त्या क्षणी लग्न विसरली होती, असे मला वाटते.

"खोटा कसा होईल, बाबा? राजा तुम्ही ओळखलात ना. फक्त माणूस हयात निघाला."

धैर्यवानांना हे समजायला थोडा वेळ लागला. समजले तेव्हा ते माझ्याकडे वळले. ते मला म्हणाले की सबंध नोकरीत, इतक्या फायली हातांखालून गेल्या, त्यांत एकदा तरी असे व्हावे अशी त्यांची इच्छा होती: दावा यावा, सगळे कागद तयार असावेत, आणि शेवटी माणूस दारात येऊन उभा राहावा. एकदाही झाले नाही. ते आता झाले होते. ते मुलीचा हात धरून लहान मुलासारखे रडले, आणि भाऊंनी आपल्या पंचाच्या टोकाने त्यांचे डोळे पुसले.

मेलेला नाही म्हणजे सुतक नाही. सुतक नाही म्हणजे सपिंडता सातव्या पिढीत सरलेलीच, आणि त्या नात्याने विवाहाला बाध येण्याचे कारण उरले नाही. आणि गोत्रे तर दोन्ही घरांची मुळातच भिन्न होती. मृणालिनीबाईंनी मला हे दोनदा सांगायला लावले आणि मग त्या कुंदाताईंना उठवून आत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने आतून मुसळाचा आवाज येऊ लागला. दत्तारामने तिरडीच्या गाठी सोडल्या आणि त्याच बांबूंवर मांडवाच्या गाठी मारायला घेतल्या.

प्रश्न संपला असे मला वाटले होते, परंतु दुसऱ्या दिवशी दोन्ही व्याही हातात हात घालून माझ्याकडे आले. मूळपुरुष हयात आहेत, म्हणजे घरातले सर्वांत वडील तेच. त्यांच्या आशीर्वादाशिवाय अक्षता कशा पडणार? निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या, म्हणून दोघांनी दक्षिणेकडे तोंड करून, सुपारी ठेवून, तोंडी आमंत्रण दिले होते. बसायला पाट मांडावा लागेल, एवढेच विचारायला ते आले होते. ज्याचे डोके खाली आणि पाय वर, त्याचा पाट कसा मांडायचा?

याला शास्त्राधार नाही, असे मी सांगितले. देशकालानुसार करावे. ते त्यांना पुरेसे होते.

विवाह आवारातच झाला. मांडवाच्या दक्षिण बाजूला, आढ्याला, दत्तारामने एक शिसवी पाट उलटा टांगला. मृणालिनीबाईंनी तो मुलीच्या बाजूकडे झुकतो म्हणून तक्रार केली, तेव्हा सरकवून बरोबर मध्यावर, बोहल्याच्या डोक्यावर आणला. पाटाभोवती रांगोळी काढता येईना, म्हणून झेंडूची माळ गुंडाळली. मूळपुरुषांच्या हातात अक्षता द्यायला हव्यात असा दोन्ही बापांचा आग्रह पडला. त्यामुळे पाटाला तलम कापडाची एक पुरचुंडी बांधली. जेवणाच्या वेळी एक पत्रावळ त्यांच्यासाठी वाढायची हेही ठरले, पण ती कोठे टांगायची यावर मतभेद झाल्यामुळे ती गाईला देण्यात आली. पाहुण्यांपैकी कित्येकांनी वर पाहून हात जोडले. कोणी काही विचारले नाही. लग्नघरात निरनिराळ्या कुळांचे निरनिराळे कुलाचार असतात, हे सर्वांना ठाऊक असते.

मंगलाष्टके मी म्हटली. अंतरपाटापलीकडे नंदकिशोर हसू आवरत उभा होता, आणि पद्मजा ते त्याच्या पावलांवरून ओळखत असावी, कारण तिचेही ओठ हलत होते. धैर्यवान आणि भाऊ शेजारी शेजारी उभे होते. भाऊंच्या ओठांवर कोवळे पांढरे खुंट उगवले होते. शेवटचे सावधान म्हणून मी हात वर केला, वाजंत्री सुरू झाली, मांडवातल्या मोठ्या पंख्याचा झोत फिरला, आणि वरच्या पुरचुंडीची गाठ आपोआप सैल होऊन तिच्यातल्या सगळ्या अक्षता, एकही दाणा वाया न जाता, त्या दोघांच्या मस्तकांवर पडल्या. दत्तारामने नंतर मला एकांतात सांगितले की गाठ त्याने मुद्दाम कच्ची मारली नव्हती. मी त्याला अधिक विचारले नाही.

जून लागताच नंदकिशोर मस्कतला गेला आणि दिवाळीच्या आत पद्मजाही गेली. धैर्यवान आता संध्याकाळी भाऊंबरोबर गच्चीवर बसतात आणि दोघे मिळून दक्षिणेकडे पाहत चहा पितात.

त्या दोघा मुलांचा संसार त्या परक्या वाळूत थंडाव्याने नांदो. दोन्ही बापांचे प्रेम जितके मोठे आहे तितकेच त्यांचे आयुष्य असो, आणि त्यांच्या बायकांच्या वाट्याला निश्चिंत दुपारी येवोत. आणि दूर कैरोत काचेखाली जो कोणी निजला आहे, ज्याच्यासाठी बोरिवलीत एका मनुष्याने तेलाचा दिवा लावला होता, त्याला ज्या देवाचे नाव घेऊन निजवले असेल त्या देवाने त्याला सांभाळावे. स्वस्ति.